जनुके आणि रेण्वीय जीवशास्त्राची पहिली पायरी : खान्देशातील विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारे विद्यार्थी रेण्वीय जीवशास्त्राच्या सुरुवातीच्या सत्रांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गुणविभागणी, श्रेयांक आणि परीक्षेच्या तारखा हे विषय घेतलेले नाहीत, कारण ते दर वर्षी बदलतात आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिपत्रकांतच पाहावे लागतात.

प्रश्न १. जनुक, डीएनए आणि गुणसूत्र यांत माझा नेहमी गोंधळ होतो. नेमका फरक काय?

डीएनए हा रेणू आहे. तो प्रथिनांभोवती गुंडाळला जाऊन जी रचना तयार होते, तिला गुणसूत्र म्हणतात. डीएनएच्या ज्या पट्ट्यावरून पेशी एखादे प्रथिन किंवा एखादा कामाचा आरएनए तयार करते, तो पट्टा म्हणजे जनुक. एका गुणसूत्रावर अनेक जनुके असतात आणि दोन जनुकांच्या मध्ये कोणतेही प्रथिन न घडवणारा बराच डीएनए असतो. मानवाच्या २३ गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे ३१० कोटी बेस-जोड्या (बेस म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही चार ‘अक्षरे’) आणि प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. प्रत्यक्ष प्रथिनाचा क्रम सांगणारा भाग एकूण डीएनएच्या जेमतेम दीड टक्का भरतो. ‘जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची माहिती’ ही शालेय व्याख्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत अपुरी पडते, कारण टीआरएनए (अमिनो आम्ल आणून देणारा आरएनए) आणि आरआरएनए (प्रथिन जोडणाऱ्या रायबोझोमचा भाग) यांचीही जनुके असतात आणि त्यांच्यापासून प्रथिन कधीच तयार होत नाही.

प्रश्न २. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. आता सगळे इंग्रजीत आहे. हा विषय झेपेल का?

झेपेल. प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे), भाषांतरण (आरएनएवरून प्रथिन बनणे), उत्परिवर्तन (डीएनएच्या क्रमातील बदल) आणि कोडॉन (तीन अक्षरांचा संकेत) या मूळ कल्पना राज्य मंडळाच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात मराठीत येऊन गेलेल्या असतात. येथे त्यांचा तपशील वाढतो. आकृती आधी हाताने काढावी, तिच्यावर इंग्रजी नावे लिहावीत आणि मग ती प्रक्रिया शेजारच्या मित्राला मराठीत किंवा अहिराणीत समजावून सांगावी. जिथे सांगताना अडखळायला होते, तिथे भाषेपेक्षा बहुधा समज कच्ची असते. आमच्या पाहण्यात विद्यार्थी भाषेपेक्षा रसायनशास्त्रात अधिक अडतात. हायड्रोजन बंध आणि सहसंयुज बंध यांतील फरक, फॉस्फेट गटावरचा ऋण प्रभार, आम्ल-आम्लारी आणि साधी संभाव्यता एवढे बारावीचे साहित्य पक्के असेल, तर पुढची वाट बरीच सोपी होते.

प्रश्न ३. ५′ आणि ३′ हे प्रत्येक आकृतीत का लिहायचे? नाही लिहिले तर काय बिघडते?

या विषयातील निम्म्या चुका येथून सुरू होतात, म्हणून हे उत्तर सविस्तर आहे. डीएनएमधील शर्करेच्या पाच कार्बन अणूंना १′ ते ५′ असे क्रमांक दिलेले आहेत. १′ कार्बनला बेस जोडलेला असतो, ५′ कार्बनला फॉस्फेट आणि ३′ कार्बनला हायड्रॉक्सिल गट असतो. एका शर्करेचा ३′ कार्बन आणि पुढच्या शर्करेचा ५′ कार्बन यांच्यामध्ये फॉस्फेट बसून साखळी तयार होते. त्यामुळे साखळीची दोन टोके सारखी नसतात. दुहेरी सर्पिलातील दोन साखळ्या परस्परांच्या उलट दिशांनी धावतात.

डीएनए पॉलिमरेज हे विकर नवा न्यूक्लिओटाइड (शर्करा, फॉस्फेट आणि बेस मिळून झालेला साखळीचा एक दुवा) फक्त ३′ टोकालाच जोडू शकते. याचे कारण ऊर्जेत आहे. नवा न्यूक्लिओटाइड स्वतःच्या ५′ बाजूला तीन फॉस्फेट घेऊन येतो आणि त्यांतील दोन गळून पडताना मिळणारी ऊर्जा बंध जोडण्यासाठी वापरली जाते. आता कल्पना करा की साखळी उलट दिशेने वाढते आहे. तसे झाले तर ऊर्जा देणारे तीन फॉस्फेट वाढत्या साखळीच्या टोकावर असते, चुकीचा बेस दुरुस्तीसाठी कापताच ते निघून गेले असते आणि साखळीची वाढ तिथेच खुंटली असती. प्रत्यक्षातील दिशेत मात्र चूक कापली तरी ३′ हायड्रॉक्सिल शिल्लक राहतो आणि पुढचा न्यूक्लिओटाइड आपली ऊर्जा घेऊन येतो.

यातूनच पुढच्या गोष्टी आपोआप निघतात : एक साखळी सलग तयार होणे, दुसरी लहान लहान (ओकाझाकी) तुकड्यांनी तयार होणे, प्रत्येक तुकड्यासाठी आरएनए प्रायमर (सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) लागणे आणि शेवटी लायगेज या विकराने तुकडे सांधणे. ही चार वाक्ये स्वतंत्रपणे पाठ करणारा विद्यार्थी आकृती उलटी छापली की गोंधळतो. दिशा समजलेल्या विद्यार्थ्याला ती आकृती कशीही दिली तरी चालते. म्हणून टोके लिहिल्याशिवाय कोणतीही साखळी काढू नये.

प्रश्न ४. टेम्प्लेट साखळी आणि कोडिंग साखळी यांत एमआरएनए कोणासारखा असतो?

एमआरएनए (प्रथिनाचा संदेश रायबोझोमकडे नेणारा आरएनए) टेम्प्लेट साखळीवरून तयार होतो, त्यामुळे तो तिला पूरक असतो आणि कोडिंग साखळीसारखा दिसतो. फक्त टीच्या जागी यू येतो. उदाहरण वहीत उतरवून पाहावे.

कोडिंग साखळी : ५′ एटीजी जीएजी टीएए ३′
टेम्प्लेट साखळी : ३′ टीएसी सीटीसी एटीटी ५′
एमआरएनए : ५′ एयूजी जीएजी यूएए ३′

रायबोझोम एमआरएनए ५′ कडून ३′ कडे वाचतो आणि मेथिओनिन, ग्लुटामिक आम्ल, थांबा असा अर्थ निघतो. परीक्षेतील नेहमीचा डाव असा असतो की टेम्प्लेट साखळी ५′ टोक डावीकडे ठेवून, म्हणजे ‘५′ टीटीए सीटीसी सीएटी ३′’ अशी छापलेली असते. घाईत डावीकडून पूरक अक्षरे लिहिणाऱ्याला ‘एएयू जीएजी जीयूए’ असा एमआरएनए मिळतो, त्यात सुरुवातीचा कोडॉन सापडत नाही आणि तो प्रश्नच चुकीचा छापला आहे असे ठरवतो. आधी साखळी उलटून ३′ टोक डावीकडे घ्यावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कोणती साखळी टेम्प्लेट होणार हे प्रत्येक जनुकागणिक ठरते, संपूर्ण गुणसूत्रासाठी एकदाच ठरत नाही. शेजारच्या जनुकाची टेम्प्लेट दुसरी साखळी असू शकते.

प्रश्न ५. ग्रिफिथ, अ‍ॅव्हरी, हर्षी-चेस यांचे जुने प्रयोग आजही का शिकवतात? निष्कर्ष पाठ केला तर पुरत नाही का?

निष्कर्ष एका ओळीचा आहे : आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते. पण तो कशावरून काढला, हे विचारले की नुसता निष्कर्ष पाठ करणारा थांबतो. १९२८ मध्ये ग्रिफिथने दाखवले की उष्णतेने मारलेल्या घातक न्यूमोकोकस जीवाणूंतील ‘काहीतरी’ जिवंत निरुपद्रवी जीवाणूंना घातक बनवते. ते काहीतरी म्हणजे काय, हे त्याला सांगता आले नाही, आणि उत्तरपत्रिकेत ‘ग्रिफिथने डीएनए शोधला’ असे लिहिणे चूक आहे. १९४४ मध्ये अ‍ॅव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी अशा घातक जीवाणूंचा अर्क घेऊन प्रथिने तोडणारी, आरएनए तोडणारी आणि डीएनए तोडणारी विकरे वेगवेगळी वापरली. फक्त डीएनए तोडल्यावरच परिणाम थांबला.

१९५२ च्या हर्षी-चेस प्रयोगात जीवाणूभक्षी विषाणूच्या डीएनएवर किरणोत्सारी फॉस्फरस-३२ ची आणि प्रथिनांवर गंधक-३५ ची खूण केली होती. ‘कार्बन का वापरला नाही?’ असा प्रश्न कोणी विचारला, तर तो प्रयोग समजला असे मानायला हरकत नाही. कार्बन दोन्हींत असतो, त्यामुळे आत काय गेले हे कळलेच नसते. फॉस्फरस डीएनएत भरपूर आणि त्या विषाणूच्या प्रथिनांत जवळजवळ नसतो. गंधक मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांमुळे प्रथिनांत असतो आणि डीएनएत नसतो. नियंत्रण-नमुना कोणता आणि तो नसता तर कोणता पर्यायी अर्थ उरला असता, एवढे दोन प्रश्न प्रत्येक प्रयोगाला विचारावेत.

प्रश्न ६. सिकलसेलमध्ये एकच अक्षर बदलते म्हणतात. एका अक्षराने एवढा मोठा आजार कसा होतो?

सातपुड्याच्या पट्ट्यातून, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही; अनेकांच्या गावात किंवा घरात हा आजार असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात जीएजी हा कोडॉन जीटीजी होतो आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू या व्हॅलिनमुळे एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याला ‘रेण्वीय आजार’ म्हटले, आणि नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले आहे हे व्हर्नन इन्ग्रॅमने त्यानंतर काही वर्षांतच दाखवले.

प्रत्येक अक्षरबदल असाच घातक असतो असे मानू नये. त्याच जीएजीचा जीएए झाला तर ग्लुटामिक आम्लच राहते आणि काहीही बिघडत नाही. एएजी झाला तर लायसिन येते आणि हिमोग्लोबिन-सी नावाचा तुलनेने सौम्य प्रकार दिसतो. टीएजी झाला तर साखळी तिथेच तुटते. एकाच कोडॉनच्या या चार गती एकत्र मांडल्या की मूक, अर्थबदल करणारे आणि निरर्थक उत्परिवर्तन हे तीनही प्रकार एकदम लक्षात राहतात.

काही पुस्तके हा बदल सहाव्या जागी, तर काही सातव्या जागी दाखवतात. दोन्ही बरोबर आहेत. तयार प्रथिनातून सुरुवातीचे मेथिओनिन काढून टाकलेले असते, म्हणून तिथे मोजले तर सहावी जागा येते. मेथिओनिन धरून मोजले तर सातवी.

प्रश्न ७. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत आणि पहिल्या मुलाला आजार आहे. चारात एक हे प्रमाण असल्यामुळे पुढची तीन मुले निरोगी होतील ना?

नाही. चारात एक ही संभाव्यता प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होते. आधीच्या मुलाचा तिच्यावर परिणाम होत नाही. प्रत्येक वेळी मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के असते. पुढच्या तिन्ही मुलांना आजार नसण्याची शक्यता ३/४ चा घन, म्हणजे २७/६४, सुमारे ४२ टक्के येते. हे गणित वर्गात तोंडपाठ करणारे विद्यार्थीही घरी बोलताना विसरतात.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे; त्याच्याकडे एक निरोगी प्रत असते आणि तो सहसा नेहमीचे आयुष्य जगतो. विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली म्हणून कोणी आजारी ठरत नाही, कारण ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. नवजात बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असल्याने विद्राव्यता चाचणीवर विसंबता येत नाही. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. तिच्यात तपासणीसोबत समुपदेशनही आहे. घरातील प्रत्यक्ष निर्णयांसाठी शासकीय रुग्णालयातील समुपदेशकाशी बोलावे, पाठ्यपुस्तकावरून सल्ला देऊ नये.

प्रश्न ८. शरीरातल्या सर्व पेशींत तोच डीएनए असेल, तर यकृताची पेशी आणि मज्जापेशी वेगळ्या का?

कारण प्रत्येक पेशी सगळी जनुके वापरत नाही. कोणते जनुक केव्हा आणि किती वाचायचे हे नियंत्रक प्रथिने, डीएनएवरील रासायनिक खुणा आणि लहान आरएनए ठरवतात. मायक्रो-आरएनएच्या शोधासाठी २०२४ चे नोबेल पारितोषिक व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना मिळाले. ‘सर्व पेशींत तोच डीएनए’ या विधानालाही अपवाद आहेत : प्रौढ तांबड्या पेशींत केंद्रक नसते, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कायमचे कापून नव्याने जुळवतात. नियंत्रणाचे सर्वांत सोपे उदाहरण जीवाणूत सापडते. ते पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न ९. लॅक ओपेरॉन बंद असताना लॅक्टोज आत नेणारे प्रथिनही तयार होत नाही. मग लॅक्टोज आत जाऊन ओपेरॉन चालू कसा करतो?

उत्तम शंका आहे. लॅक ओपेरॉन म्हणजे ई. कोलाय या जीवाणूतील, लॅक्टोज वापरण्यासाठी लागणाऱ्या जनुकांचा एकत्र चालू-बंद होणारा गट. उत्तर असे की ओपेरॉन पूर्ण बंद कधीच नसतो. रिप्रेसर (ओपेरॉन बंद ठेवणारे प्रथिन) ऑपरेटरवरून, म्हणजे डीएनएवरील त्याच्या बसण्याच्या जागेवरून, अधूनमधून सुटतो आणि तेवढ्यात एमआरएनएच्या मोजक्या प्रती तयार होतात. त्यामुळे लॅक्टोज आत नेणारे परमिएज आणि त्यावर प्रक्रिया करणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज यांचे थोडे रेणू पेशीत नेहमी असतात. ते थोडा लॅक्टोज आत घेतात आणि त्यातील काहींचे अ‍ॅलोलॅक्टोजमध्ये रूपांतर करतात. रिप्रेसरला डीएनएवरून दूर करणारा खरा रेणू अ‍ॅलोलॅक्टोज आहे. उत्तरात ‘लॅक्टोज रिप्रेसरला चिकटतो’ असे लिहिल्यास काटेकोर परीक्षक गुण कापतो.

लॅक्टोज असूनही ग्लुकोज उपलब्ध असेल तर ओपेरॉन मंदच राहतो, कारण सीएएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण कमी असते, त्याच्या मदतीने जनुकवाचन वाढवणारे सीएपी प्रथिन प्रवर्तकाजवळ (वाचन जिथून सुरू होते त्या जागेजवळ) बसत नाही आणि लॅक्टोजचे आत येणेही रोखले जाते. ग्लुकोज-लॅक्टोजच्या चार जोड्यांचा तक्ता स्वतः करावा आणि मग त्यात एकेक बिघाड घालून पाहावा : रिप्रेसर तयारच होत नाही, ऑपरेटर बदललेला आहे, रिप्रेसर अ‍ॅलोलॅक्टोजला ओळखत नाही. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये हे प्रतिमान मांडले, ते अशाच बिघडलेल्या जीवाणूंच्या अभ्यासावरून.

प्रश्न १०. पुढे एम.एस्सी.साठी कोणत्या परीक्षा आणि त्यांची तयारी केव्हापासून करावी?

आयआयटीच्या जॅम या प्रवेश परीक्षेतील जैवतंत्रज्ञानाचा पेपर, केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी जीएटी-बी या प्रमुख आहेत. या परीक्षांत प्रश्न ४ आणि ९ मधील प्रकारचे तर्काचे प्रश्न बरेच येतात, त्यामुळे वेगळी तयारी करण्यापेक्षा दुसऱ्या वर्षापासून तसेच प्रश्न सोडवण्याची सवय लावणे अधिक उपयोगी पडते.

प्रश्न ११. प्रात्यक्षिकात केळीच्या फळातून डीएनए सहज निघाला, पण केळीच्या पानातून काढताना सगळे तपकिरी आणि चिकट झाले. काय चुकले?

फळाच्या प्रयोगात भांड्याच्या साबणाने पेशीपटल फुटते, मिठामुळे डीएनएचा ऋण प्रभार झाकला जातो आणि थंड अल्कोहोलमध्ये पांढरे तंतू वर येतात. त्या तंतूंत डीएनएबरोबर पेक्टिन आणि प्रथिनेही भरपूर असतात, पण बघण्यापुरते ते चालते. पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्यासाठी, असा डीएनए उपयोगाचा नसतो.

पानात पॉलिफिनॉल संयुगे भरपूर असतात. पेशी फुटताच हवेतील ऑक्सिजनमुळे ती तपकिरी होतात आणि डीएनएला कायमची चिकटतात. चिकटपणा बहुशर्करांचा असतो. म्हणून वनस्पतींसाठी सीटीएबी या अपमार्जकाची पद्धत वापरतात. तिच्या द्रावणात मिठाचे प्रमाण जास्त ठेवल्याने बहुशर्करा वेगळ्या राहतात, पीव्हीपी पॉलिफिनॉलना धरून ठेवते आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ऑक्सिडीकरण रोखते. जून पानाऐवजी न उलगडलेल्या पोग्याचा तुकडा घ्यावा, तो तोडल्याबरोबर बर्फावर ठेवावा आणि बारीक करण्यास उशीर करू नये. मे महिन्यात दुपारी शेतातून पान आणून संध्याकाळी प्रयोग केला, तर कोणतीही पद्धत साथ देत नाही.

शुद्धता तपासताना २६० आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर सुमारे १.८ यावे. ते बरेच कमी आले तर प्रथिने किंवा फिनॉल शिल्लक आहे. जेलवर विजेच्या प्रवाहात डीएनए धन टोकाकडे जातो आणि लहान तुकडे पुढे धावतात. न कापलेल्या प्लाझमिडच्या (जीवाणूतील लहान वर्तुळाकार डीएनएच्या) एकाच नमुन्यात दोन-तीन पट्टे दिसले तर घाबरू नये. वेटोळे घट्ट असलेला आणि एका ठिकाणी चिरलेला असे एकाच आकाराचे रेणू वेगवेगळ्या वेगाने सरकतात. जेलवर डीएनए दिसावा म्हणून वापरले जाणारे इथिडियम ब्रोमाइड हाताळताना हातमोजे घालणे मात्र कधीही टाळू नये.

प्रश्न १२. पीसीआरच्या पहिल्याच फेरीनंतर हव्या त्या लांबीचा तुकडा का मिळत नाही?

पहिल्या फेरीत नवी साखळी प्रायमरपासून सुरू होते, पण दुसऱ्या टोकाला थांबण्याची खूण नसल्याने पुढे वाहत जाते. दुसऱ्या फेरीत या साखळीवर दुसरा प्रायमर बसतो आणि दोन्ही टोके निश्चित असलेली एकेरी साखळी प्रथमच तयार होते. नेमक्या लांबीचा दुहेरी तुकडा तिसऱ्या फेरीत दिसतो आणि नंतर तोच इतरांवर मात करतो. प्रत्येक फेरीत दुप्पट या हिशेबाने ३० फेऱ्यांत एका रेणूचे सुमारे १०७ कोटी होतात. प्रत्यक्षात प्रायमर संपत जातात, विकर थकते आणि आकडा कमी राहतो. पीसीआरमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या टॅक पॉलिमरेज या विकराला चूक दुरुस्त करण्याची क्षमता नसते, म्हणून अचूक क्रम हवा असेल तेव्हा दुसरे विकर वापरतात.

प्रश्न १३. टिश्यू कल्चरची केळी म्हणजे जनुक बदललेली केळी का?

नाही. रावेर, यावल, चोपडा भागात लावली जाणारी ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे मातृझाडाच्या शेंड्यातील पेशींपासून वाढवलेली असतात. त्यांत बाहेरचे जनुक घातलेले नसते. मुनव्यांपासून लागवड केली तरी आनुवंशिक दृष्टीने तीच गोष्ट घडते, फक्त प्रयोगशाळेत ती मोठ्या प्रमाणावर आणि रोगमुक्त साहित्यापासून करता येते. ग्रँड नैन त्रिगुणित आहे : ११ गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. तीन संचांची अर्धसूत्री विभाजनात समान वाटणी होत नाही, त्यामुळे सक्षम बी तयार होत नाही आणि फळ फलनाशिवायच वाढते. सर्व रोपे मूळ झाडाच्या प्रती असल्या तरी संवर्धनात दीर्घकाळ वाढवलेल्या पेशींत काही बदल घडू शकतात, म्हणून एखादे रोप बुटके किंवा वेगळ्या पानाचे निघते.

प्रश्न १४. बीटी कापसात जीवाणूचे जनुक आहे. जीवाणूचे जनुक झाडाला वाचता कसे येते? आणि शेतातली सरकी पुन्हा पेरली तर?

कोडॉनचा अर्थ जीवाणूत आणि कापसात सारखाच असतो, म्हणून अमिनो आम्लांचा क्रम तोच येतो. पण जनुक कधी वाचायचे हे सांगणारा जीवाणूचा प्रवर्तक झाड ओळखत नाही. त्यामुळे वनस्पतीत चालणारा प्रवर्तक पुढे जोडावा लागतो. शिवाय जीवाणूच्या मूळ क्रमात एटी जास्त असल्याने झाड त्यातील काही भागांना एमआरएनए संपल्याची खूण समजते. म्हणून प्रथिन तेच ठेवून कोडॉन बदलून जनुक पुन्हा लिहितात. सगळीकडे कोड एकच आहे हे खरे असले, तरी नुसता कोड जुळल्याने काम भागत नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये क्राय१एसी या प्रथिनासह मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरे प्रथिन जोडलेली पिढी आली. ही प्रथिने बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होऊन तेथील विशिष्ट ग्राहक रेणूंना चिकटतात व पेशींना छिद्रे पाडतात. गुलाबी बोंडअळीने पुढे दोन्ही प्रथिनांना प्रतिकार मिळवला, हे खान्देशातील शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. सरकीबाबत म्हणाल, तर बाजारातील बीटी वाण संकरित असतात आणि एका जागेवरील बीटी जनुकाची त्यांच्यात सहसा एकच प्रत असते. पुढच्या पिढीत चारांपैकी साधारण तीन झाडांत ते जनुक येते, एकात येत नाही, आणि संकराचा जोमही घटतो. भरिताच्या वांग्याबद्दलही विचारणा होते : बीटी वांग्याला भारतात फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती देण्यात आली.

प्रश्न १५. प्राणी जितका प्रगत, तितका डीएनए जास्त असतो का?

नाही. कांद्याच्या एका संचात सुमारे १,६०० कोटी बेस-जोड्या आहेत, म्हणजे माणसाच्या पाचपट. हा फरक मुख्यतः पुन्हा पुन्हा येणाऱ्या क्रमांचा आहे. ई. कोलायमध्ये ४६ लाख बेस-जोड्यांत सुमारे ४,३०० जनुके दाटीवाटीने बसलेली असतात.

प्रश्न १६. जनुकीय कोड सार्वत्रिक असल्याचे पुस्तक म्हणते आणि पुढच्याच पानावर अपवाद देते. परीक्षेत काय लिहावे?

‘जवळजवळ सार्वत्रिक’ असे लिहावे आणि एक अपवाद द्यावा. ६४ कोडॉनपैकी ६१ अमिनो आम्लांसाठी आणि तीन थांबण्यासाठी असतात, पण माणसाच्या तंतुकणिकेत यूजीए थांबवत नाही, ट्रिप्टोफॅन घालतो. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए १६,५६९ बेस-जोड्यांचा आहे आणि त्यात प्रथिनांची फक्त १३ जनुके आहेत. एवढ्या लहान संचात अर्थ बदलला तरी पेशी टिकली, मुख्य केंद्रकात बदलला असता तर हजारो प्रथिने एकदम बिघडली असती. सुरुवात नेहमी एयूजीनेच होते हेही पूर्ण खरे नाही. ई. कोलायमध्ये प्रश्न ९ मधील रिप्रेसरचेच जनुक जीयूजीने सुरू होते. सुरुवातीच्या जागी मात्र जीयूजीसुद्धा व्हॅलिन न घालता फॉर्मिल-मेथिओनिन घालतो, कारण तिथे सुरुवातीचाच टीआरएनए बसतो.

प्रश्न १७. केळीवरच्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूची तपासणी साध्या पीसीआरने का होत नाही? आणि हा आरएनए विषाणू सेंट्रल डोग्मा, म्हणजे आनुवंशिक माहिती कोणत्या दिशेने वाहते याचा नियम, मोडतो का?

हरण्या रोगास कारणीभूत असलेल्या सीएमव्हीचा जीनोम आरएनएचा असतो आणि टॅक पॉलिमरेजला नेहमीच्या पीसीआरमध्ये डीएनए टेम्प्लेट लागते. म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजने आरएनएवरून डीएनए तयार करून मग पीसीआर करतात. केळीच्याच पर्णगुच्छ रोगाच्या विषाणूचा जीनोम डीएनएचा असल्याने तिथे साधा पीसीआर चालतो.

येथे एक गफलत सर्रास होते. तपासणीत आपण रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज वापरतो, म्हणून विषाणूही ते वापरतो असे विद्यार्थी लिहितात. सीएमव्ही आपल्या आरएनएवरून थेट आरएनएच बनवतो, डीएनएची पायरी त्याच्या जीवनचक्रात येत नाही. एचआयव्ही मात्र खरोखर आरएनएवरून डीएनए बनवतो. असे विकर टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. यांपैकी कशानेही सेंट्रल डोग्मा मोडत नाही. फ्रान्सिस क्रिकचे मूळ म्हणणे असे होते की माहिती एकदा प्रथिनात गेली की ती परत केंद्रकाम्लात येत नाही. आरएनएकडून डीएनएकडे जाणे त्याने अशक्य ठरवले नव्हते. बाणांची सरळ रेषा ही नंतरच्या पाठ्यपुस्तकांची सोय आहे.

प्रश्न १८. मग केळीच्या स्वतःच्या गुणसूत्रात विषाणूचा डीएनए शिरलेला असू शकतो का?

असू शकतो, पण तो सीएमव्हीचा नसतो. केळीवरील स्ट्रीक विषाणूचा जीनोम डीएनएचा असून त्याची वाढ आरएनएच्या पायरीतून होते. त्याचे क्रम मुसा बाल्बिसियाना या रानकेळीच्या, म्हणजे बी संचाच्या गुणसूत्रांत बसलेले आढळतात. एरवी ते निष्क्रिय असतात. ऊतिसंवर्धनासारख्या ताणात मात्र बी संच असलेल्या काही संकरित केळींत त्यांतून पुन्हा सक्रिय विषाणू तयार होऊ शकतो, आणि मातृझाड निरोगी असूनही रोपे रोगट निघतात. अशा झाडांत साधा पीसीआर सकारात्मक आला तरी तो गुणसूत्रातील निष्क्रिय क्रमामुळे आहे की प्रत्यक्ष विषाणूमुळे, हे त्यावरून सांगता येत नाही. आधी विषाणूचे कण प्रतिपिंडांनी पकडून, गुणसूत्राचा डीएनए धुऊन टाकून मगच पीसीआर करावा लागतो. ग्रँड नैनमध्ये तीनही संच ए प्रकारचे असल्याने बी संचातून येणारा हा धोका तिला नाही.